ओटीचं बिल नसतं

शकूअक्का गेल्याचं तिच्या यजमानांनी, भाऊजींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी तारनाक्याच्या घरी मटार सोलत बसले होते. "गेली," एवढंच म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला आधी रडू आलं नाही, राग आला. कारण चारच दिवसांपूर्वी मी काचीगुड्याला तिच्या उशाशी बसून आले होते आणि तिने मला एक प्रश्न विचारला होता. शेजारच्या रुळांवरून गाडी गेली की त्या खोलीच्या खिडकीची काच थरथरते, ती थांबेपर्यंत अक्का थांबली आणि मग म्हणाली, "मालू, तो कागद काढलास का गं?" मरायला टेकलेल्या माणसाला काय सांगायचं? मी म्हटलं, "काढला अक्का. फाडूनसुद्धा टाकला." तिने माझ्याकडे पाहिलं, चादरीतून हात बाहेर काढला, तळवा वर केला आणि म्हणाली, "दाखव." माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. चहा टाकते म्हणून मी उठले ती चांगली पंधरा मिनिटं स्वयंपाकघरात उभी राहिले, आणि परत आले तेव्हा तिचा डोळा लागला होता. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

तो कागद कसला, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे. शकुंतला दिगंबर जाधव, माहेर भालकीकडचं, घरी शेती, सातवीपर्यंत शाळा. लग्न होऊन काचीगुड्याला आली. भाऊजी एका छापखान्यात खिळे जुळवायचे, पगार बेताचा, म्हणून मेधा, त्यांची एकुलती एक लेक, शाळेत जायला लागल्यावर अक्का आबिड्सच्या एका शेठजींच्या साडीच्या दुकानात लागली. गादीवर बसून साड्या दाखवणारे सगळे पुरुष, त्यांच्यात ही एकटी बाई, कारण लग्नाच्या खरेदीला येणाऱ्या मराठी-कानडी बायकांना आपल्यातली कुणी हवी असायची. नांदेड, निजामाबाद, बिदरहून लोक बस्ता बांधायला यायचे. दहा-बारा माणसं, तास न् तास, हा रंग नको तो दाखवा. बस्ता बांधून झाला की अक्का नवरीला गादीवर बसवायची, हळदीकुंकू लावायची आणि दुकानाची म्हणून तिची ओटी भरायची. मूठभर तांदूळ, सुपारी, आणि एक खण. शेठ स्वतः उठून हात जोडायचे. हे अक्कानेच सुरू केलं होतं. "एवढी हजारांची खरेदी करून पोर रिकाम्या पदराने दाराबाहेर जाते, बरं दिसतं का?" असं तिने पहिल्याच वर्षी शेठना तोंडावर विचारलं होतं म्हणे. शेठही तसलेच, म्हणाले, मग भर की. थोरल्या लेकीची ओटी अक्कानेच भरली होती म्हणून धाकटीलाही मुद्दाम तिच्याकडेच घेऊन येणारी माणसं मी पुढे डोळ्यांनी पाहिली आहेत.

मग तो काळ आला, देश खुला झाला म्हणतात तो. देशाचं माहीत नाही, आमच्या ओळखीतली बरीच दुकानं बंद झाली. छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि भाऊजी घरी बसले. शेठच्या मुलांना गादीवर बसायची लाज वाटायला लागली, त्यांनी जागा विकली. शेवटच्या दिवशी शेठनी खणांचं एक अख्खं गाठोडं अक्काच्या हातात ठेवलं, "हे तूच सांभाळ" म्हणाले, आणि सुरतेला निघून गेले. त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. त्यानंतर जवळच ते मोठं दुकान उघडलं, चार मजली, सरकता जिना, काचेची दारं. नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, पाटी तीनदा बदलली त्याची. आम्ही दोघी एकाच आठवड्यात तिथे लागलो. अक्का साड्यांच्या मजल्यावर, आणि मी, नुकती बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली दीडशहाणी, बिलाच्या काउंटरवर. माझं वय बावीस, तिचं चाळिशीच्या पुढे. पहिल्या दिवशी डब्यातला अर्धा भाकरतुकडा तिने न विचारता माझ्यापुढे सरकवला आणि तेव्हापासून ती माझी अक्का झाली.

मोठ्या दुकानातली नोकरी कशी असते ते बाहेरून कळत नाही हो. बाहेरून गारेगार वारं लागतं फक्त. आत बसायचं नाही. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही, आणि ज्या बाईने बारा वर्षं मांडी घालून साड्या उलगडल्या तिने आता दहा-दहा तास उभ्याने हसायचं. हसण्याचंसुद्धा प्रशिक्षण दिलं आम्हाला, जळ्ळं मेलं! गिऱ्हाइकाला ताई, अम्मा, बेटा म्हणायचं नाही, 'मॅम' म्हणायचं. आम्हाला नोकर म्हणायचे नाहीत हां, 'असोसिएट' म्हणायचे. आणि या असोसिएटांनी कामाची पाळी संपली की मागच्या जिन्याने उतरायचं, आणि खालच्या दारावर झडती द्यायची. रोज. त्यासाठी कंपनीने प्रत्येकीला एक आरपार दिसणारी प्लॅस्टिकची पिशवी दिली होती. डबा, कंगवा, बसचा पास, सगळं त्यातच. महिन्याच्या अडचणीच्या दिवसांत काय काय दिसायचं त्यातून, आणि शेजारच्या रांगेत पुरुष उभे! तक्रार केली तर म्हणाले, यात लाजण्यासारखं काय, हा तर प्रोफेशनलिझम. ज्या साहेबांनी हे काढलं ते मात्र पुढच्या दाराने चामड्याची बॅग घेऊन जायचे. त्यांची झडती घेतलेली मी कधी पाहिली नाही.

अक्का सुधारली नाही. सुधारायला हवी होती का, ते तुम्ही सांगा. बस्त्याची माणसं तिला शोधत त्या चौथ्या मजल्यावरही यायची, आणि बिल झालं की ती नवरीला हळूच ट्रायल रूमच्या बोळात न्यायची. डब्याच्या झाकणात तांदूळ, कुंकवाची डबी ब्लाउजमध्ये, आणि शेठच्या गाठोड्यातला एक खण. पटकन ओटी भरायची, सांडलेले तांदूळ स्वतः वेचायची आणि परत 'मॅम' म्हणायला जागेवर उभी. लग्नाच्या दिवसांत ती घरून निघतानाच पाच-सहा खण पिशवीत टाकायची. बाहेरून आणलेली वस्तू दारावर रजिस्टरात लिहायचा नियम होता. पण दारावरची यादम्मा, बिचारी, तिच्या पोरीच्या लग्नातसुद्धा अक्काने खण दिलेला. ती म्हणायची, "पर्लेदु, पो अक्का." काही नाही, जा तू. तिच्या त्या मायेनेच घात केला. लिहिलं असतं तर...

त्या दिवशी सकाळची पाळी संपवून आम्ही पाच वाजता उतरलो, तर दारावर यादम्मा नव्हती. वरच्या ऑफिसातून आलेले दोन पुरुष होते. वार्षिक मोजणीत माल कमी भरला होता आणि वरून दट्ट्या आला होता की माणसं पकडा. त्या दिवशी नवऱ्या कमी आल्या होत्या, अक्काच्या पिशवीत पाच खण उरले होते. आरपार पिशवी, लपवणार कुठे, आणि लपवायचं कशाला? त्यांनी ते टेबलावर टाकले. मॅनेजर आला, पंचविशीचा, बाहेरून आलेला, टाय लावलेला. त्याने मला बोलावलं, हा माल कॉम्प्युटरवर बघ म्हणाला. मी पाहिलं. नव्हता. असणारच नव्हता! इरकली काठाचा, गुळेदगुड्डच्या हातमागावरचा खण त्या कंपनीने तोवर डोळ्यांनी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "सर, हा माल आपला नाहीच." मला वाटलं, झालं, सुटलो. तर तो म्हणतो, "तो फिर किसका है? बिल दिखाओ." शेठनी दिलेल्या गाठोड्याचं कसलं बिल?

आणि इथे अक्काने ती चूक केली, जी आपल्याकडचीच बाई करू जाणे. तिने खरं सांगितलं. त्याने विचारलं, "आप ये कस्टमर को देते हो?" ती म्हणाली, "हौ, देती." "पैसे लेके?" तिला धक्काच बसला. "ओटी के पैसे कौन लेता बाबा?" "मतलब बिना बिल के देते हो." "ओटी का बिल नहीं रहता," अक्का म्हणाली, आणि वर त्याला समजावलं, की बेटा तुझ्या घरात लग्न निघालं तर मला सांग, मी येऊन भरते. तो लिहीत होता. तिला वाटत होतं, मुलगा आपलं ऐकून घेतोय.

त्याने इंग्रजीत जबाब तयार केला. मजकूर एवढाच, की मी दुकानातल्या ग्राहकांना बिल न करता कापड देत होते, याची मला कबुली आहे व त्याबद्दल पश्चात्ताप आहे. एकेक शब्द खरा आणि सगळं मिळून धडधडीत खोटं! मला बाजूला घेऊन म्हणाला, समजाओ उनको, सही केली तर नोकरी राहील, नाहीतर पोलिसांना बोलावतो. भाऊजी घरी बसलेले, मेधा कॉलेजात. आणि माझंही सांगते, मी कायम व्हायची होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, पण इथे हरीच्या वतीने पाय धरणारी मी निघाले. अक्काने मला विचारलं, "मालू, तू वाचलंस ना? चोरी असं लिहिलंय का कुठे?" मी म्हटलं, "नाही अक्का, तसं नाही लिहिलेलं. कागदच आहे, करून टाक सही." खरंच तो शब्द त्यात नव्हता. तिने संपूर्ण नाव मराठीत लिहिलं, सावकाश, मात्रा-वेलांट्यांसकट. माझ्या भरवशावर लिहिलं.

पुढचं ऐका. ते पाच खण त्यांनी जप्त केले. कॉम्प्युटरवर नसलेल्या मालाचं काय करायचं, तर त्याला नवा नंबर दिला, टॅग बांधले आणि महिन्याभरात ते हातमागाच्या कोपऱ्यात मांडले, किंमत बघून माझे डोळे पांढरे झाले. नंबर टाकायला कोण, तर मीच. विकायला कोण उभी, तर अक्का! जिच्यावर आळ घेतला तिच्याचकडून तिचाच माल विकून घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, ती दिसते कशी ते मात्र आबिड्सला पाहिलं. चार खण गेले. पाचवा, जांभळा, लाल काठाचा, अक्काने माझ्या काउंटरवर आणून ठेवला, पैसे मोजले आणि म्हणाली, "बिल कर." मी बिल केलं. तिने ते बिल खणालाच टाचणीने टोचलं आणि दारावरच्या माणसाच्या नाकासमोर धरून बाहेर पडली. त्यानंतर तिने त्या दुकानात कुणाची ओटी भरली नाही. बस्त्याची माणसं विचारायची, ती म्हणायची, आता बंद केलंय.

तिने नोकरी केली अजून कितीतरी वर्षं. करणार काय? मेधाचं शिक्षण, लग्न, सगळं त्या उभ्या पायांवर झालं. पण प्रत्येक वर्षी बढतीची वेळ आली की तिची फाइल उघडायची आणि तो कागद वर यायचा. कोपऱ्यात कुणीतरी शिक्का मारला होता, चोरी, समज दिली. जो शब्द नाही म्हणून मी सही करायला लावली होती, तोच शब्द! तिला हे कळलं तेव्हा ती मला एक शब्द टाकून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "मालू, तो कागद तेवढा काढून आण. पैसा नको, बढती नको, मेधाच्या सासरी कुणी बघितलं तर?" मी म्हटलं, आणते. जितके मॅनेजर आले तितक्यांपुढे तिने स्वतः जाऊन हात जोडले. सगळ्यांचं एकच उत्तर, माझ्या आधीचं आहे, माझ्या हातात नाही. एवढी मोठी कंपनी, आणि कुणाच्याच हातात काही नसतं! माझ्या हातात मात्र एकदा होता. मी तोवर काउंटरवरून वरच्या ऑफिसात बदलून गेले होते, फायलींच्या कपाटाची किल्ली एका दुपारी माझ्याकडे आली. मी तो कागद बाहेर काढला. तिची ती मराठी सही. खिडकीशी नेऊन पाहिला... आणि किल्लीच्या रजिस्टरात माझं नाव आहे हे आठवून परत ठेवला. पुढे कंपनी विकली गेली, नव्यांनी सगळे कागद कॉम्प्युटरवर चढवले. आता तो फाडताही येत नाही.

निरोपाच्या दिवशी केक कापला. टाळ्या वाजवल्या, 'आवर फॅमिली' म्हणाले. अक्काने नातवासाठी एक तुकडा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला, तर खाली दारावर नवीन पोरगा म्हणतो, अम्मा, याची स्लिप? मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. अक्का हसली, केक बाहेर काढला, त्याच्याच हातात दिला आणि म्हणाली, "तू खा रे बाबा." ती हसली, मी अजून हसू शकलेले नाही. आणि त्या दिवसानंतरही ती पिशवी सुटली नाही. माझ्याकडे हळदीकुंकवाला आली, जेवायला आली, आजारी असताना बघायला आली, निघताना माझ्या दाराशी थांबायची, पिशवीचं तोंड उघडून माझ्याकडे करायची आणि मग चपला घालायची. एकदा मी चिडले. "अक्का, माझ्या दारात पुन्हा हे केलंस तर बोलणार नाही तुझ्याशी!" ती ओशाळली. "हात ऐकत नाहीत गं," म्हणाली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

अक्का अहेवपणी गेली. जमलेल्या बायका भाग्याची, भाग्याची म्हणत होत्या आणि माझं डोकं फिरत होतं. कसलं भाग्य! मळवट भरला, ओटी भरायची वेळ आली तेव्हा मेधाने कपाटातून खण आणला. जांभळा, लाल काठाचा. टाचणी गंजलेली, बिल पिवळं पडलेलं, टॅग तसाच. तिने तो कधी शिवला नव्हता, कुणाला दिला नव्हता. कुणीतरी कात्री शोधायला आत गेलं, पण मला थांबवेना, मी दाताने दोरा तोडला आणि टॅग काढला. बिलही काढलं. मेधा म्हणाली, "मावशी, आईने सांगितलं होतं बिल सोबत ठेवा." मी म्हटलं, "नाही. ओटीचं बिल नसतं." आणि तो खण मी तिच्या ओटीत घातला. शेकडो पोरींच्या ओट्या भरल्या त्या बाईने.

अक्का दाखव म्हणाली होती. कागद मला दाखवता आला नाही, पण सही मलाही करता येते. म्हणून इथे, चार लोक वाचतील अशा ठिकाणी लिहून देते, की मी, मालती विश्वनाथ पाठक, त्या वेळी बिलाच्या काउंटरवर होते. ते पाच खण दुकानाचे नव्हते हे मी स्वतः पाहिलं होतं, मॅनेजरला माहीत होतं, आणि तरीही त्यांना टॅग लावले गेले. चोरी झाली होती. ती शकुंतला दिगंबर जाधव यांनी केली नव्हती, ती त्यांच्याकडे झाली होती, आणि मी गप्प बसले होते.

काचीगुड्याच्या घरात दारामागच्या खिळ्याला ती पिशवी अजून तशीच आहे. भाऊजी काढू देत नाहीत. हा मजकूर छापून आला की मी कात्रण घेऊन जाणार आहे आणि अक्षरं बाहेर करून त्यात ठेवणार आहे. आरपार दिसतं त्यातून. कुणाला उघडून बघायची गरज नाही.